दहाला एकेचाळीस

घड्याळवालीला कुठलंही चाक दिसलं की त्याचे दात मोजल्याशिवाय चैन पडत नसे. दुकानात डोळ्याला भिंग लावून दिवसभर तेच काम. त्यामुळे मिस्त्रीने गॅरेजच्या बाकावर क्राऊन-पिनियनचे तीन जोड मांडले, तेव्हा तिने त्याची खुशालीसुद्धा न विचारता सरळ मोजायला सुरुवात केली.

हा जोड गाडीच्या मागच्या ॲक्सलमध्ये बसतो. लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतं आणि क्राऊन चाकांना. पिनियन किती वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं, एवढ्या एका आकड्यावर गाडीचा सगळा स्वभाव ठरतो. आकडा मोठा असेल तर गाडी वळणातून चटकन उसळते, पण हायवेला इंजिन बोंबलत राहतं. लहान असेल तर हायवेला निवांत आणि वळणावर आळशी.

आणि घड्याळवालीला एकाच गाडीत दोन्ही हवं होतं. महिन्यातून एका रविवारी ती ट्रॅकवर जायची. दोन मिनिटं पाच सेकंदांच्या आत फेरी मारली की वरच्या गटात घेतात, आणि ती गेली दोन वर्षं आठ सेकंदांवर अडकली होती. हंगामाची शेवटची चाचणी महिन्यावर आली होती. शिवाय दर बुधवारी बाबांना साठ किलोमीटरवरच्या दवाखान्यात खांद्याच्या व्यायामाला न्यायचं असे. चाळीस वर्षं ट्रक चालवून त्यांचा खांदा कामातून गेला होता आणि कानही.

"हा अकराला चाळीस, म्हणजे तुझ्या गाडीत आत्ता आहे तसलाच," मिस्त्री म्हणाला. "हा दहाला एकेचाळीस. आणि हा नऊला त्रेचाळीस, एकदम तिखट."

"दहाला चाळीस नाही? पूर्ण चार?"

"कशाला?"

"नीट बसतं ना. घड्याळात सगळं पूर्ण आकड्यात जुळतं."

मिस्त्री पोट धरून हसला. "अगं बाई, इथं ते नको असतं! पूर्ण चार ठेवलं तर पिनियनचा एक दात जन्मभर क्राऊनच्या त्याच चार दातांना भेटणार. एखादा खराब निघाला तर तेच झिजत बसणार. एकेचाळीस ठेवले की प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो. मग सगळे सारखे झिजतात."

घड्याळवालीला हे इतकं आवडलं की तिने तिथेच खडूने दातांवर खुणा करून अर्धा तास जोड हाताने फिरवून पाहिला. खरंच, खुणा पुन्हा जुळायला क्राऊनला दहा फेरे घ्यावे लागले. आयुष्यभर दात मोजून हे आपल्याला कधी सुचलं कसं नाही, याचं तिला नवल वाटलं. एवढं सगळं करून तिने निवडला मात्र तो तिखटच, त्रेचाळीसचा. आठ सेकंद डोक्यात बसले होते.

सरावाला गाडी अशी पळाली की ती हेल्मेटमध्ये एकटीच ओरडली. दोन मिनिटं चार.

बुधवारी हायवेला शंभरच्या वेगाला इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेतीन हजारांवर गेला. आधी सत्तावीसशेवर असायचा. गाडीभर घरघर. ती बाबांना म्हणाली, "आवाज जरा जास्त आहे ना?" बाबांनी मान हलवली आणि बाहेर बघत बसले. आदल्या बुधवारी ते आईची एक गोष्ट सांगत होते. नवीन लग्न, भरलेला ट्रक, घाटाचा माथा आणि बाबांना चढलेला ताप. तेवढ्यात दवाखाना आला होता आणि ते म्हणाले होते, "बाकीचं पुढच्या बुधवारी." तो बुधवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. बाबा गप्पच. थकले असतील, असं तिने मनाला समजावलं.

तिसऱ्या बुधवारी मागून एका ट्रकवाल्याने असा भोंगा वाजवला की तिच्या हातातलं स्टिअरिंग हललं. बाबांनी मात्र साधं वळूनही पाहिलं नाही. कुणी विनाकारण भोंगा वाजवला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा हा माणूस! दवाखान्याच्या दारात ती नजर ठेवून राहिली. बाबांनी उतरताना सदऱ्याच्या खिशातून कानाचं मशीन काढलं आणि गुपचूप कानात घातलं.

"बाबा, कधीपासून?"

ते चोरी पकडल्यासारखे हसले. "मशीनला इंजिनातला आणि तुझ्यातला फरक कळत नाही गं. नुसती घरघर. म्हणून काढून ठेवतो."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू तो नवा जोड काढून टाकला असतास. होऊ दे तुझी फेरी. गोष्ट कुठं पळून जाते?"

गोष्ट पळून जात नाही, पण बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. बुधवारचा तो सव्वा तास सोडला तर दोघांना एकमेकांशी बोलायला वेळ कुठे होता? तिला स्वतःचा भयंकर राग आला. संध्याकाळी ती गॅरेजमध्ये हजर.

"दहाला एकेचाळीस बसव."

"चाचणी रविवारी आहे," मिस्त्री म्हणाला. "याने पाचच्या आत येशील याची खात्री नाही."

"ठाऊक आहे. बसव."

रविवारी बाबा कठड्याला टेकून उभे होते, कानात मशीन घालून. तिने जीव तोडून गाडी चालवली. सगळ्यात अवघड वळणातून गाडी बरी निघाली, पण उसळली नाही. दोन मिनिटं, पाच सेकंद, चार दशांश. ती गाडीतच बसून राहिली. वाईट वाटलं, चांगलंच वाटलं.

परतताना काटा तीन हजारांच्या आसपास होता. बाबांनी एकदा कानातलं मशीन चाचपलं. मग बाबांनी घसा खाकरला.

"तर मी तापाने फणफणलेलो. माल सकाळी पोचवायचा होता. तुझी आई मला म्हणाली, सरका. तिनं तोवर साधी सायकल चालवली नव्हती."

"काय सांगता! आईनं ट्रक चालवला?"

"सगळा घाट उतरवला. मी पलीकडे पडून फक्त ब्रेक कुठला ते सांगितलं."

घड्याळवालीने आरशात पाहिलं, वेग थोडा कमी केला. "आणि गिअर?"

"दांडा ढकलला, जो लागला तो. पुन्हा हात लावायची तिची हिंमतच झाली नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकच."

"पण कुठला लागला होता?"

बाबा हसले. "दुसरा, उताराला ट्रक आवरून धरणारा. चाळीस वर्षं चालवल्यावर मीसुद्धा तोच टाकला असता."

तिने डोळे पुसले आणि विचारलं, "मग पायथ्याला आल्यावर काय म्हणाली?"

"सांगतो की," बाबा म्हणाले, "अजून चाळीस किलोमीटर आहेत."