तारेचा झोळ

बेंगळुरातल्या यशवंतपूरच्या बाजारामागून नवी वीजतार ओढली, तिचा झोळ यल्लाप्पाने मोजला. निपाणीकडचा हा लाईनमन खांबावर चढून, ठरल्या उंचीवर ठोकलेल्या पट्टीला डोळा लावी आणि समोरच्या खांबावरची पट्टी बघे. तारेचा सगळ्यात खालचा भाग त्या नजरेच्या रेषेला टेकला की काम बरोबर. एकसष्ट सालच्या जानेवारीतल्या त्या सकाळी तार नेमकी टेकली, पण हवेत गारठा होता.

खाली उतरून तो ओव्हरसिअरला म्हणाला, "अण्णा, एवढा झोळ भर उन्हात चालतो. हिचा आत्ता गारठ्यातच एवढा आहे. ऊन तापलं की तार लांबणार, खाली येणार. इथनं चाऱ्याच्या गाड्या जातात."

ओव्हरसिअर त्रिविक्रमराव मल्लेश्वरमचे, कैक पिढ्या बेंगळुरात मुरलेले. शुक्रवारी तारेत वीज सोडायची होती. पुन्हा ओढायला वेळ नव्हता. ते इतर माणसांकडे वळले.

"ऐकलंत? उन्हात याचं डोकं वितळतं, म्हणून तारही वितळते म्हणे!"

सगळे खो खो हसले. त्रिविक्रमरावांनी तारेच्या उंचीची नोंदवही पुढे केली. "सही कर. नाहीतर सोमवारपासून निपाणीत बसून ढग मोज."

यल्लाप्पाने सही केली.

एप्रिलमध्ये, दुपारी दोनच्या सुमाराला, ओल्या चाऱ्याच्या गाडीवर उभा असलेला गाडीवान देवाप्पा त्या तारेला चिकटून मेला.

चौकशीला बाहेरचे साहेब आले ते सकाळी आठला. दहाची गाडी गाठायची होती त्यांना. उंची मोजली, वहीतल्याइतकीच भरली. यल्लाप्पा धीर करून कानडीत म्हणाला, "साहेब, स्वल्प थांबा. दुपारी दोनला परत मोजा. ती खाली येते."

साहेबांनी वही उघडली. "ही सही कुणाची?"

"माझी."

"मग तेव्हा खोटं लिहिलंस, की आता खोटं बोलतोस?" साहेबांचा आवाज अगदी शांत होता. "तेव्हा खोटं लिहिलं असशील, तर माणूस तू मारलास."

यल्लाप्पाने त्रिविक्रमरावांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"तेव्हा... बरोबरच लिहिलं," यल्लाप्पा म्हणाला.

निकाल लागला: गाडी प्रमाणाबाहेर भरली होती.

देवाप्पाची बायको ठकुबाई सकाळपासून खांबाशी बसून होती. तिला कानडी जेमतेम कळे. त्रिविक्रमराव यल्लाप्पाला म्हणाले, "तुमच्याच मुलखातली आहे. तूच सांग तिला."

यल्लाप्पाने सांगितलं.

"दादा, तार तुमीच मोजलासा न्हवं? मग आमच्या मालकांनीच जादा भरलं म्हना की."

"होय, अक्का."

ती उठली आणि त्रिविक्रमरावांच्या पायांवर डोकं टेकून म्हणाली, "साहेब, त्यांची चूक पोटात घाला."

त्रिविक्रमरावांनी पाय मागे घेतले. "बरं, बरं. बाकीच्या गाडीवाल्यांना सांग, जपून भरा म्हणावं."

यल्लाप्पाने दंडाला धरून तिला उठवलं. पदर सारखा करून ती त्याच्यापुढेही वाकली.

"तुमीबी माफ करा, दादा. त्यास्नी तारेवरनं सोडवाया तुमालाच चढावं लागलं म्हनं. लई तरास दिला आमी."