न घासलेले भांडे

मित्रांनो, मी एक जुने पोलादी भांडे आहे. स्वयंपाकघरातले नव्हे, प्रयोगशाळेतले. माझ्यात वायू सोडून, ढवळून त्याचे प्लॅस्टिक बनवत. तेही साधेसुधे नाही; गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यात वर्षानुवर्षे टिकेल असे चिवट.

ही सारी करामत उत्प्रेरकाची. असतो चिमूटभर, पण सूत्रे त्याच्याच हाती. आमच्या संशोधक बाई आधी तो विरघळवून नुसताच माझ्यात ओतत. मग प्लॅस्टिक तयार होई ते माझ्या भिंतींना घट्ट चिकटूनच. प्रयोगशाळेचे मदतनीस काका लाकडी पट्टीने मला तासन् तास खरवडत. मला ओरखडा उठेल म्हणून त्यांनी कधी लोखंड लावले नाही. त्यांचे मनगट मात्र सुजे.

शेवटी मोठे साहेब म्हणाले, "परवा संध्याकाळी बघायला येतो. पुन्हा चिकटलं तर भांडं भंगारात आणि काम बंद."



बाईंनी नवी युक्ती काढली होती. वाळूसारख्या बारीक, सच्छिद्र कणांवर उत्प्रेरक बसवायचा. म्हणजे प्लॅस्टिक त्या कणांवरच वाढेल, भिंतीकडे धावणार नाही. पण कणांत ओलीचा लवलेश राहिला, तर उत्प्रेरक मेलाच म्हणून समजा. कण रात्रभर भट्टीत वाळत होते. साहेब येणार त्या दिवशी सकाळी बाई घाईघाईने आल्या.

"काका, काढा आता."

"अजून दोन तास लागतील."

"अहो, मग पुढचं सगळं कधी करायचं? काम बंद पडेल माझं."

"ओले काढलेत तरी पडेलच की. बसा बाई, मीही बसतो."

बाई बसल्या. त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता, पण त्या उठल्या नाहीत. त्या दोघांचे मला आजही फार कौतुक वाटते.

दोन तासांनी कोरडे कण निघाले, बाईंनी त्यांवर उत्प्रेरक बसवून ते माझ्यात टाकले आणि वायू सोडला. ठरल्या वेळी साहेब आले. झाकण उघडले. आत प्लॅस्टिकची पांढरीशुभ्र, भुरभुरीत भुकटी होती. साहेबांनी मूठभर उचलली, ती बोटांतून झरझर निसटली. माझ्या भिंतीवर हात फिरवून ते म्हणाले, "छान घासलंय."

"घासलंच नाही, साहेब," काका म्हणाले.

बाईंना रडू आवरेना.

आता मोठी भांडी आली आहेत, मी कोपऱ्यात असते. पाहुणे येतात, बाईंचे आणि त्या कणांचे गुणगान करतात. काकांचे नाव कुणी काढत नाही, याचे मला वाईट वाटते. मित्रांनो, भांडी जपाच, पण घाईच्या वेळी 'थांबा' म्हणणारा माणूसही जपा. तो नसता, तर आज मी कुठल्याशा फळीत खिळा होऊन बसले असते.