गुलाबरावांचं ‘नाही’

“काका, आता शेवटचा प्रश्न,” गुलाबरावांच्या डोक्यावरची तारांची टोपी चाचपत योगिनी म्हणाली. “तुमच्या पत्नीचं नाव कलाबाई आहे का?”

पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या कलाबाईंनी श्वास रोखून धरला. दोन वर्षांपूर्वी मेंदूला झटका आला आणि गुलाबरावांचं बोलणं गेलं, हातपाय गेले. डोळे उघडे असत, पण ते कुणाकडे वळत नसत. भेटायला येणारे बाहेर पडताना हळूच म्हणत, आता आत कुणी नाही. कलाबाईंचा त्या लोकांवर भारी राग होता. त्या रोज नवऱ्याची दाढी करत आणि मोताळ्यातल्या झाडून साऱ्या भानगडी त्यांच्या कानावर घालत.

नागपूरच्या एका दवाखान्यानं मेंदूतल्या लहरी पडद्यावर दाखवणारं मशीन देऊन योगिनीला पाठवलं होतं. तीन सोप्या प्रश्नांची उत्तरं बरोबर आली, तर मशीन सहा महिने या घरात राहणार होतं. नाही तर ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या रुग्णाकडे जाणार होतं.

पहिले दोन दिवस फुकट गेले. ‘हो’ म्हणायचं असेल तर टेनिस खेळताय असं मनात आणा, असं योगिनी सांगत होती आणि पडद्यावर काही म्हणता काही उमटत नव्हतं. शेवटी कलाबाईंना राहवलं नाही.

“अवो बाई, ह्याहिनं जन्मात कधी टेनिस पाह्यलं नाही! चाळीस वर्सं मलकापूरच्या जिनिंगात कापूस पारखला. चिमटीत कापूस धरून धागा वढा म्हना त्याहिले.”

योगिनी खळखळून हसली आणि तसंच केलं. ‘हो’साठी मनातल्या मनात कापूस ओढायचा, ‘नाही’साठी चालायचं. पडदा जागा झाला. गाव मोताळा का? हो. मुलं तीन का? नाही, कारण अविनाश एकुलता एक. प्रत्येक प्रश्न पाचदा विचारला, पाचही वेळा उत्तर बरोबर.

आणि आता बायकोच्या नावाला ‘नाही’. पाचही वेळा ‘नाही’.

“जाऊ दे आई,” अविनाश खाली बघत म्हणाला. “बाबाले काही समजून नाही राह्यलं.”

“दवाखान्याला तिन्ही उत्तरं बरोबर हवीत, काकू,” योगिनी म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं.

कलाबाईंचा चेहरा मात्र लालेलाल झाला होता. लग्नाच्या वयाचा मुलगा समोर उभा, आणि हे असलं सांगायचं! पदर सावरून त्या म्हणाल्या, “त्याहिचं चुकलं नाही. माह्यं माहेरचं नाव गोकर्णा. थोरल्या जाऊबाईचंही गोकर्णाच. एका घरात दोन कशा चालतीन? म्हनून सासूबाईनं तांदळात कला लिव्हलं. सारे कलाच म्हनतेत.”

“आणि काका?”

“चारचौघात अवो. एकटे असलो का गोकर्णा. कला नाव त्याहिले कधी पटलंच नाही.”

योगिनीनं घाईघाईनं प्रश्न बदलला. पत्नीचं नाव गोकर्णा आहे का?

हो. पाचही वेळा हो.

कलाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. मशीन राहिलं, याचा आनंद त्यांना नंतर झाला.

“काकू, आता तुम्ही काहीही विचारा,” योगिनी म्हणाली.

विचारायचं तर डोंगराएवढं होतं. पण कलाबाईंच्या तोंडून भलतंच निघालं. “उजेडाचा तरास नको म्हनून म्या तुमाले भिंतीकडं तोंड करून निजवतो. बरं वाटते ना?”

नाही. योगिनीनं पुन्हा विचारलं. नाही.

“दोन वर्सं मुकाट्यानं भिंत पाहून राह्यले!” कलाबाई नवऱ्यावर डाफरल्या, आणि डाफरता डाफरता हसू लागल्या. किती दिवसांनी त्या नवऱ्याशी भांडत होत्या. “अविनाश, धर पलंग तिकडून.”

पलंग दाराकडे फिरला. तारा ताणल्या जाऊ नयेत म्हणून योगिनी मशीन पोटाशी धरून सोबत सरकली. समोरच्या रस्त्यानं माणसं पिशव्या घेऊन आठवडी बाजाराला निघाली होती. कलाबाईंनी गुलाबरावांची मान उशीवर सारखी केली, आणि आपण आड येऊ नये म्हणून त्या दारातून बाजूला सरून उभ्या राहिल्या.