नाशिकची नामावळी

माझी सून ब्रोना आयर्लंडची, कॅथलिक. लग्न ठरलं तेव्हा मी श्रीनाथला एवढंच विचारलं होतं, "कुळ काय रे तिचं?" तो म्हणाला, "आई, बटाटे लावणारी माणसं." अकरा वर्षं मी ते बटाटे तिला ऐकवत आले. खोटं कशाला बोलू.

जर्मनीत एर्लांगेनला त्यांच्याकडे मी दर उन्हाळ्यात तीन महिने असते. या खेपेला नातीला, अन्वीला, शाळेतून श्टामबाउम करून आणायला सांगितलेलं. वंशाचं झाड हो. पुठ्ठ्यावर चौकोन आखायचे, एकीकडे आईची माणसं, एकीकडे बापाची. सोमवारी द्यायचं. ब्रोनाला तर आधीपासूनच नाद. त्यांच्या गावोगावच्या चर्चमध्ये पाद्र्यांनी बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवलेल्या, दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या, आता त्यांची पानं कॉम्प्युटरवर दिसतात. शनिवारी सकाळपासून बाई त्यातच डोकं घालून. भाजी मीच टाकली.

"अडलंय तिचं," श्रीनाथ म्हणाला. "तिचे खापरपणजोबा पॅट्रिक कॉनोली. त्या गावात एकाच वर्षी दोन पॅट्रिक कॉनोली जन्मले. दोघांच्या बापांचं नाव जॉन. एकाची आई ब्रिजेट मॅकमहोन. दुसऱ्याची नुसतं होनोरा वाचता येतं, पुढं शाई फुटलीय."

"बाईचं नाव लिहायचे?"

"हो. तेही माहेरच्या आडनावानं. पद्धतच होती."

मला ते काही पटलं नाही. म्हटलं, दाखव. मी चौथी शिकलेली, ते लॅटिन काय वाचणार. पण ओळी तर दिसतात. प्रत्येक पोराच्या ओळीत शेवटी आणखी दोन नावं होती.

"ही कोण?"

ब्रोना तोडकंमोडकं मराठी बोलते. "बाळाला धरून उभे राहतात ना, आई, चर्चमध्ये. ते. मी ती नावं बघत नाही."

"का बघत नाहीस? बाळाला धरायला मामा नाही तर कोण येणार? आमच्याकडे जावळसुद्धा मामाच्या मांडीवर काढतात. वाच, त्या होनोराच्या पोराला कुणी धरलंय."

"मायकल क्लॅन्सी," तिनं वाचलं. मग नवऱ्याशी भराभरा इंग्रजी. श्रीनाथनं मला सांगितलं ते असं, की त्या पॅट्रिकचे आईबाप दुष्काळात गेले आणि त्याला कुणा क्लॅन्सीनं वाढवलं, एवढं त्यांच्या घरात सांगत आलेत. ब्रोनाला वाटायचं, तो गावातला कुणी मालक असेल, पोराला गुरांमागं ठेवलं असेल.

"मालक कशाला परक्याचं पोर वाढवतोय? पोरकं पोर मामाच्या दारात जातं," मी म्हटलं. "मामाचं आडनाव तेच तुझ्या होनोराचं."

तिनं पुठ्ठ्यावर लिहिलं, होनोरा क्लॅन्सी. डोळे पुसले. मला मिठी मारली. आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

"आता आमचं बघ म्हणावं," मी श्रीनाथला सांगितलं. "नाशिकला गुरुजींकडे आपली नामावळी आहे. घरचं कुणी अस्थी घेऊन गेलं की सगळ्यांची नावं वहीत लिहून खाली सही करतं. तुझ्या आजोबांच्या वेळी ह्यांनी अर्धं पान लिहिलं होतं. मी तिथंच ह्यांचं ओलं धोतर पिळत होते. बटाटेवाल्यांची बाई सापडते, मग मी नाही सापडणार?"

श्रीनाथनं गुरुजींच्या मुलाला मेसेज केला. रविवारी जेवणं झाली आणि फोटो आला. अक्षर ह्यांचंच, टपोरं. श्रीनाथ मोठ्यानं वाचत होता आणि अन्वी स्केचपेन उघडून बसली होती.

"कैलासवासी दत्तात्रय यांचे चिरंजीव दिनकर, हेड क्लार्क, पाटबंधारे खाते. बंधू दोन, त्यांची नावं. पुतणे तीन, त्यांची नावं. चिरंजीव श्रीनाथ, इयत्ता सहावी."

"पुढं?"

"सही."

"नीट बघ."

त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, वर नेला, खाली नेला. "बायका नाहीत, आई. काकूंचीही नावं नाहीत. तेव्हाची पद्धत असेल."

"हिच्या लोकांच्या दुष्काळात पद्धत होती आणि आपल्या सुकाळात नव्हती?"

हेड क्लार्कची बढती येऊन तेव्हा पुरता महिना झाला नव्हता. ती लिहायला जागा होती. पोराची इयत्ता लिहायला जागा होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आता भांडू तरी कुणाशी.

ब्रोना हळूच म्हणाली, "आई, झाडावर आपण लिहू ना. माहेरचं नाव सांगा."

"मालिनी," श्रीनाथ म्हणाला.

"मालिनी तुझ्या बापानं तांदळात लिहिलं, लग्नात. माझं नाव सगुणा."

चव्वेचाळीस वर्षांचा घोडा माझ्याकडे बघत राहिला. "हे मला माहीतच नव्हतं."

"विचारलं होतंस कधी?"

अन्वीनं माझ्या चौकोनात सगुणा लिहिलं, आणि वरच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. सांगायची गरज नव्हती, कळलं मला. माझ्या आईचं नाव. सासरी तिला लक्ष्मी म्हणत. माहेरी काय म्हणत, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"सोड तो," मी म्हटलं. "रिकामा राहू दे."

ब्रोनाच्या बाजूला एकही चौकोन रिकामा नव्हता.

मग मी श्रीनाथला नाशिकला फोन लावायला लावला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता वहीत घालून घ्या. गुरुजींचा मुलगा गोड बोलतो. "आजी, वहीत आम्ही लिहीत नाही. घरचा माणूस येतो, तोच स्वतःच्या हातानं लिहितो. चिरंजीवांना पाठवा."

चिरंजीवांनी मोबाइलवर कॅलेंडर काढलं. या वर्षीची रजा संपली. पुढच्या वर्षी ब्रोनाच्या घरी लग्न आहे, आयर्लंडला जायचंय. "त्याच्या पुढच्या वर्षी बघू, आई. नुसतं एक नाव लिहायला नाशिकपर्यंत..."

"नको धावपळ करूस," मी म्हटलं. "माझ्या अस्थी घेऊन जाशीलच की. तेव्हा लिही. पण दोन्ही नावं लिही."

"आई, असं बोलू नये."

मग कसं बोलावं, ते काही त्यानं सांगितलं नाही.