मिस ओर्फाची जागा

“माझ्या जागेवर दर रविवारी नवा पाहुणा बसवाल, तर मी मेले तरी तुम्हाला पत्ता लागायचा नाही,” मिस ओर्फा एकदा म्हणाल्या होत्या. त्या हसत म्हणाल्या, म्हणून सगळेच हसले. पाहुण्यांना जागा दाखवायचं काम टॅबिथाकडे होतं. “काहीतरीच काय बोलता, मिस ओर्फा!” असं म्हणून तिनं त्यांच्याच जागेवर एका पाहुण्याला बसवलं.

मित्रांनो, हे माझ्यासमोर घडलं, खरं तर माझ्यावरच घडलं. मी एक जुना बाक आहे. अलाबामातल्या मेरिबेल नावाच्या लहानशा गावात, चर्चच्या डाव्या रांगेत, खिडकीला लागून माझा मुक्काम असतो.

वादळात जुनं चर्च पडलं, तेव्हा गावकऱ्यांनी पाइनच्या फळ्यांपासून मला तयार केलं. ज्याला जसा रंधा मारता येत होता, तसा त्यानं मारला. म्हणून माझी पाठ एका टोकाला जरा जास्तच कललेली आहे. मला चार पाय आहेत, पण ते स्क्रूंनी जमिनीला घट्ट आवळलेले आहेत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

आमच्या चर्चमध्ये जागांवर नावं नसतात, तरी प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ती रिकामी दिसली, की दुपारी कुणीतरी झाकलेलं भांडं घेऊन त्या घराचं दार वाजवतं. माझं खिडकीकडचं टोक मिस ओर्फांचं. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या मिस ओर्फा एकट्याच राहत. पाद्रीसाहेब प्रवचनाला उभे राहिले, की त्या पेपरमिंटची गोळी कागदातून सोडत. तो कागद इतका वाजे, की वर उभ्या गायकवृंदालाही ऐकू जाई.

“ओर्फा, ती गोळी घरूनच सोडून आणत जा की,” गायकवृंदातले वेंडेल प्रुइट एकदा म्हणाले.

“तू घरून सूर आणत जा, मग मी गोळी सोडून आणते. देश चालवलास रे, पण एक गाणं काही तुला नीट चालवता येईना.”

हे दोघे शाळेत एकाच वर्गात होते. वेंडेल पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, दुसरी निवडणूक सपाटून हरले आणि गावी परत आले. परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते माझ्यावरच बसले होते. आता हे काय बोलतात, म्हणून सगळं चर्च कान टवकारून होतं. प्रार्थनेच्या वेळी ते उभे राहिले आणि ज्यानं त्यांना हरवलं, त्याचं नाव घेऊन म्हणाले, “देवा, त्याला रात्रीची झोप लागू दे. या कामात झोप उडते.” मग बसले. मिस ओर्फांनी त्यांच्या हातावर गोळी ठेवली. “घे. हरल्यावर तोंड कडू होतं म्हणे.”

भूसुरुंगाच्या स्फोटात पाय गेलेल्या माणसांना कृत्रिम पाय बसवून देणारी संस्था वेंडेल यांनी पुढे काढली. त्यासाठी ते सतत परक्या देशांत फिरत. गावात असले, की म्हाताऱ्या माणसांच्या दाराशी पायऱ्यांच्या जागी लाकडी उतार बांधून देत. चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण असलं, की कोपरापर्यंत बाह्या सारून भांडी घासायला हेच उभे. माझा एक पाय कुजला, तो त्यांनीच गुडघे टेकून बदलला. काम करताना ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, गंजलेल्या स्क्रूला शिव्या देताहेत. पण ती प्रार्थना होती. पुढच्या आठवड्यात ज्या मुलीला पाय बसवायचा होता, तिच्यासाठी. त्या वेळी चर्चमध्ये दुसरं कुणीही नव्हतं. बाकासमोर कोण कशाला नाटक करेल?

त्यांची कीर्ती पसरली, तशी त्यांना बघायला माणसं येऊ लागली. दूरदूरच्या गाड्या सकाळपासून आवारात उभ्या राहत. आता आमच्याकडे पाहुणा उभा आणि घरचा माणूस बसलेला, असं चालत नाही. म्हणून गावकरी आपापल्या जागा सोडून मागच्या जेवणाच्या खोलीत जाऊन बसत आणि तिथल्या स्पीकरवर प्रवचन ऐकत. कधी मिस ओर्फा माझ्यावर असत, कधी मागे. मी मात्र नेहमी भरलेला. सगळे मला हात लावून म्हणत, काय छान बाक आहे! मलाही ते आवडत असे.

एका कडक उन्हाळ्यातल्या रविवारी मिस ओर्फांच्या जागेवर मोठी टोपी घातलेला एक पाहुणा बसला होता. टॅबिथा नुकत्याच चालायला लागलेल्या बाळाला कडेवर घेऊन पाहुण्यांना जागा दाखवत होती. ते बाळ ती कुणाच्याही हातात देत नसे, सख्ख्या सासूच्याही नाही. पाद्रीसाहेब उभे राहिले, प्रवचन सुरू झालं. गोळीचा कागद मात्र ना पुढे वाजला, ना मागच्या खोलीत. तेवढ्यात वेंडेल गायकवृंदातून पुढे आले.

“माफ करा, पाद्रीसाहेब. ओर्फा कुठे आहे?”

“मागच्या खोलीत असतील,” टॅबिथा म्हणाली.

मागच्या दारातून कुणीतरी डोकावलं. “इथे कुठे? आम्हाला वाटलं, आज त्यांना आत जागा मिळाली.”

“टॅबिथा, तू तिला आज पाहिलंस?”

टॅबिथानं माझ्या खिडकीकडच्या टोकाकडे पाहिलं, तिथे तो टोपीवाला होता.

वेंडेल गायकवृंदाच्या लांब झग्यातच खाली उतरले. टोपीवाला उठून म्हणाला, “साहेब, फक्त एक फोटो...”

“नंतर. मला आता एका मैत्रिणीकडे जायचंय.”

ते दाराबाहेर पडले आणि त्यांचे अंगरक्षक मागे धावले. टॅबिथानं इकडे तिकडे पाहिलं, बाळ त्या टोपीवाल्याच्या मांडीवर ठेवलं आणि तीही धावत सुटली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. टॅबिथानं नंतर माझ्यावर बसून शेजारणीला सांगितलं, ते ऐकलंय. मिस ओर्फा मागच्या ओसरीवर पडल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी शेंगा निवडून उठताना पडल्या, त्या तशाच. ओठ सुकलेले, अंगावर ऊन आलेलं. वेंडेल जमिनीवर बसले. झगा काढून त्यांनी सावली केली, ओलं बोट ओठांवरून फिरवलं आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत एक प्रार्थनागीत म्हणू लागले. मिस ओर्फांनी डोळे उघडले.

“पुरे कर रे, वेंडेल. माझी कंबर मोडलीय, कान शाबूत आहेत.”

तेव्हा कुठे टॅबिथाला रडू फुटलं. त्या उन्हात दुपार उलटली असती तर त्या वाचल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले.

पुढच्या रविवारी पाद्रीसाहेब वेंडेल यांचं कौतुक करू लागले. वेंडेल यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. “मागच्या महिन्यात मी इथे नव्हतो. ती तेव्हा पडली असती तर?”

 

त्या दिवसापासून टॅबिथानं एक रीत सुरू केली. पाहुण्याला बसवण्याआधी ती शेजाऱ्याला विचारी, “इथे नेहमी कोण बसतं? आज ते कुठे आहेत? कुणी पाहिलंय?” नीट उत्तर मिळेपर्यंत ती पाहुण्याला उभं ठेवी. आमच्या गावात हे चालवून घेतलं गेलं, यावरून काय ते समजा. मिस ओर्फा काठी टेकत, वेंडेल यांनी त्यांच्या दाराशी बांधलेल्या उतारावरून, पुन्हा माझ्याकडे आल्या. गोळीचा कागद पुन्हा वाजू लागला. आता त्या आवाजाला कुणी नावं ठेवली नाहीत.

आता ते दोघेही नाहीत. गाड्या यायच्या थांबल्या. माझा रंग उडालाय, पाठीच्या खाचांत धूळ बसते. क्वचित कुणी प्रवासी येतो, “राष्ट्राध्यक्ष त्या पहिल्या रविवारी इथेच बसले होते ना?” असं विचारतो, तेवढीच जागा रुमालानं पुसतो आणि फोटो काढून जातो. खिडकीकडच्या टोकाला कोण बसे, ते विचारत नाही. माझी तक्रार नाही. धूळ सगळीच पुसली तर बरं वाटेल, इतकंच.

पण मित्रांनो, तुमच्याकडेही कुणाचीतरी एक ठरलेली जागा असेल. जिन्याची पायरी असेल, बागेतला कोपरा असेल, खिडकीतली खुर्ची असेल. तिथे आज दुसरं कुणी बसलंय म्हणून ती भरलेली आहे, असं समजू नका. त्या माणसाला तुम्ही शेवटचं कधी पाहिलं, ते आठवा. आठवत नसेल, तर आत्ताच जाऊन दार वाजवा. माझे पाय जमिनीला आवळलेले आहेत. तुमचे मोकळे आहेत.