कोकिळेच्या ओठांवरची प्रार्थना

कोकिळा म्हशीखाली बसली की आमच्या गल्लीतल्या बाया आपापली कामं घेऊन तिच्या गोठ्याच्या कुडाजवळ सरकायच्या. कुणाच्या सुपात निवडायची तूर, कुणाच्या मांडीवर लेकरू. ही बाई धार काढता काढता देवाला घरखर्च सांगायची, आणि तोही मोठ्यानं. फुकटचा तमाशा कोण सोडतं?

"बापा, आज हाटेलवाल्यानं दुधाचे पैसे देल्ले. त्यातून म्हशीले ढेप घेतो. मिरच्या घेतो. अन् बांगड्या..." इथं ती थांबायची. दुधाची धार तेवढी वाजत राहायची. "राहू दे बापा. हातात हायेत थ्या काई फुटल्या नाईत."

आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो.

हे तिला शिकवलं तळेगावच्या शोभाबाईनं. शोभाबाई तिथल्या एका दवाखान्यात आया होती, येशूला मानणारी. दर रविवारी तिच्या घरी प्रार्थना असायची. कोकिळा तळेगावला दूध घालायला जायची, तिथं दोघींचं सूत जमलं. कोकिळेनं धर्म काही बदलला नव्हता. देव्हाऱ्यातला मारुती होता तिथंच होता, त्याला दिवाही लागायचा. पण पैशापुरतं तिनं येशूला धरलं होतं. शोभाबाई म्हणाली होती, "खर्चाच्या आंधी पैसा हातात घेऊन त्याले सांगत जाय. अन् मोठ्यानं सांग. मनातल्या मनात सांगशीन त मन फसवते. सांगतानी जीभ अडकली का समजजो, खर्च फालतू हाय."

आम्ही हसलो खरं, पण बाईचा संसार त्यानंच सावरला. नवरा अंकुश काळीपिवळी जीप चालवायचा. मनानं वाईट नव्हता, पण त्याच्या खिशाला बूडच नव्हतं. घर चालायचं ते म्हशीवर. म्हैस कोकिळेच्या माहेरची, बापानं दिलेली. त्या दुधातून तिनं चहापत्तीसाठीसुद्धा देवाला विचारत विचारत पैसा बाजूला टाकला. पोरगी काजल त्या साली बारावी झाली आणि वर्ध्याला नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला. गल्लीतली एकही पोरगी तोवर तिथवर पोचली नव्हती. फी सोमवारपर्यंत भरायची होती, नाहीतर नंबर दुसऱ्या पोरीला जाणार होता.

शनिवारी संध्याकाळी कोकिळा धारेला बसली. आवाज आनंदानं भरून आला होता.

"बापा, फीचे पैसे पुरे झाले. माह्या काजलचं नशीब तुह्या हाती. सोमवारपावतर ज्वारीच्या कोठीतल्या डब्यावर तुहा हात राहू दे."

आम्ही हसलो. कुडापलीकडं बाजेवर तिची सासू अनुसयाबाई बसली होती, ती हसली नाही. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते मी त्या संध्याकाळी डोळ्यांनी पाहिलं आणि मला कळलंही नाही.

रविवारी दुपारी कोकिळा शोभाबाईकडून परत आली तर दारात मोटारसायकल. जुनीच, पण धुऊनपुसून उभी केलेली. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. अंकुश सगळ्यांना पेढे वाटत होता. काजल सीटवर बसून आरशात तोंड बघत होती.

"मायनं घेऊन देल्ली," अंकुश म्हणाला. "पाटल्या मोडल्या तिनं माह्यासाठी."

कोकिळेनं सासूच्या हाताकडं पाहिलं. पाटल्या हातातच होत्या. ती तशीच आत गेली. कोठीतली ज्वारी वरून नीट सारखी केलेली होती. तिनं खांद्यापर्यंत हात घातला, डबा काढला, उघडला आणि तिथंच भुईवर बसली.

"आत्याबाई, पैसे कुठं हायेत?"

"माह्या पोराच्या बुडाखाली," अनुसयाबाई म्हणाली. "त्यात रडाले काय झालं? घरातला पैसा घरातच राह्यला."

"थे काजलच्या फीचे होते."

"पोट्टी उद्या लोकाच्या घरी जाईन. अन् म्या काई कुलूप नाई तोडलं. तूच देवाले पत्ता सांगत होती. देवानं आयकलं का नाई मले ठाऊक नाई, म्या आयकलं."

कोकिळेनं नवऱ्याकडं पाहिलं. अंकुशचा चेहरा उतरला. पेढ्याचा डबा हातात तसाच धरून तो म्हणाला, "मले मालूम नोयतं वं. पन आता सौदा झाला. गाडीवाला पैसे वापस नाई देनार. काजलचं पुढच्या साली पाहू." काजल सीटवरून हळूच उतरली. मला त्या माणसाची इतकी चीड आली की हातातला पेढा मी तिथंच कोंबडीला टाकला.

त्या संध्याकाळी कुडाजवळ आम्ही कुणी हसायला गेलो नव्हतो. गेलो होतो ती काय म्हणते ते ऐकायला. तिनं आधी धार पुरी काढली. मग उठून म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बापा, उद्या दिवस निंघाच्या आंधी हिले इकतो. जीभ अडकली नाई माही."

अनुसयाबाई बाजेवरून ताडकन उठली. "म्हैस इकशीन त खाशीन काय? कोनाले इचारलं?"

"देवाले इचारलं. तुम्ही आयकलंच असन."

सकाळी गल्लीतला एक व्यापारी पडत्या भावात म्हैस घेऊन गेला. दुपारी काजलची फी भरली गेली. पोरगी वर्ध्याला राहिली आणि कोकिळा दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाऊ लागली. दूध गेलं तसा गाडीच्या पेट्रोलचा पैसाही गेला. मोटारसायकल रिकाम्या गोठ्यात उभी राहिली आणि कोंबड्या तिच्या सीटवर बसू लागल्या.

पुढं अनुसयाबाईला लकवा झाला. एक अंग गेलं, पण तोंड आणि कान शाबूत. कोकिळा तिचं हगणंमुतणं काढायची, भाकर दुधात नाही, पाण्यात कुस्करून भरवायची. शब्द एक बोलायची नाही. पण बाजेजवळ बसली की डोळे मिटायची आणि ओठ हलवत राहायची, आवाज न करता. बुढी त्या ओठांकडं टक लावून बघायची.

"मोठ्यानं म्हन वं," ती विनवायची. "माह्याबद्दल काय सांगून राह्यली त्याले? माह्यासाठी मरन मांगतं का? सांग ना वं माय."

कोकिळेचे ओठ हलतच राहायचे. बुढी रडायला लागायची, नाकातोंडातून पाणी यायचं. मग कोकिळा उठून ते पुसायची, आणि पुन्हा येऊन बसायची.

एक दिवस मला राहवलं नाही. विहिरीवर तिला एकटीला गाठून विचारलं, "कोकिळे, खरंच काय मांगतं वं देवाले?"

"काईच नाई," ती म्हणाली. "म्हैस इकली त्या दिसापासून प्रार्थना केलीच नाई म्या."

"मंग ओठ काऊन हालवतं?"

तिनं दोर ओढत घागर वर घेतली.

"बुढी पाह्यते ना," ती म्हणाली.