सोललेला अंगठा

मित्रांनो, मी एक जुनं अंगुस्तान आहे. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ना, ती पितळी टोपी. माझ्या अंगावर खळगेच खळगे आहेत, पण मला कुरूप म्हणाल तर खबरदार. त्या खळग्यांत सुईचं टोक अडतं, म्हणून तर बोट वाचतं.

वीस वर्षं मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या बोटात होतं. मग त्यांनी मला लेकीला दिलं. पोर गुणाची. शिवण म्हणजे तिचा जीव की प्राण. टाके पुरे झाले की ती कापडावरून बोट फिरवायची आणि वर आलेला धागा अचूक शोधायची. "हिच्या बोटांना डोळे आहेत," असं आई गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची.

पण काम थांबलं की तेच बोट स्वतःच्या अंगठ्यावर फिरायचं. नखाजवळ जराशी खरखर लागली की ती सोलायची. क्षणभर जिवाला बरं वाटायचं. मग रक्त, मग लाज, आणि त्या लाजेपायी पुन्हा सोलणं. तिला इजा करून घ्यायची नव्हती हो, आतली घालमेल थांबवायची होती. मला ते कळायचं, पण मला बोलता येतं थोडंच!

आई म्हणायची, "कितीदा सांगायचं? मनावर घे, आपोआप सुटेल." एकदा तर तिनं मलाच त्या अंगठ्यावर बसवून दोऱ्यानं बांधलं. मलाही वाटलं, आता मी हिला वाचवणार. कसलं काय, पोरीनं दुसरा अंगठा सोलला. अशी तीन वर्षं गेली.

मग एका पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर रक्ताचा डाग पडला.

"मी शिवणच सोडते," लेक म्हणाली.

आईनं थंड पाण्यानं डाग धुतला. त्या दिवशी ती रागावली नाही. "कधी होतं गं तुला असं?" तिनं विचारलं.

लेकीनं अंगठा मुठीत लपवला. मग म्हणाली, "तू माझं काम उलटं करून तपासायला घेतलंस, की बोट आपोआप अंगठ्यावर जातं."

आईनं हातातला सदरा बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी दोघी मनाच्या डॉक्टरांकडे गेल्या.

सवय अजून पुरती गेलेली नाही. काही दिवस बरे जातात, काही वाईट. पण लेक शिवते आहे, आणि मी तिच्या बोटात आहे.

मित्रांनो, कुणाच्या बोटांवर अशा जखमा दिसल्या, तर हातावर चापट मारू नका. शेजारी बसा आणि विचारा. आईला ते विचारायला तीन वर्षं लागली. तुम्ही एवढा उशीर करू नका.